सोडा म्हणजे नेमकं काय सोडा

ती. अक्का,

वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरांनी सध्या मनाई केली आहे, त्यामुळे हा नमस्कार खुर्चीत ताठ बसूनच केलेला आहे. पण मनानं पार जमिनीला टेकलोय, तेवढं धरून घे.) भाऊजींना नमस्कार आणि त्यांच्या गुडघ्यांची विचारपूस. तू तेव्हा नीट पोचल्याचं कळलं होतं. पिशवीतली पाण्याची बाटली सांडून सगळे कपडे भिजल्याचंही कळलं, आणि बाटलीचं झाकण मी (दवाखान्याच्या कॉटवरून) घट्ट लावलं नव्हतं असं तू अजून गावभर सांगत फिरतेस, तेही भाऊजींकडून कळलं. मान्य. सध्या तू काहीही म्हण, मला मान्यच आहे. मी आज बसून पत्र लिहितोय ते तुझ्यामुळे, आणि अशा माणसानं झाकणावरून वाद घालू नये.

फोनवर बोलणं होतंच की आपलं, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू बोलतेस आणि मी 'हं' म्हणतो, ही आपल्या घरची रीत आहे. ती मोडायची माझी छाती नाही (आणि सध्या छातीवर भलता भार टाकायचाही नाही). शिवाय तू गेल्यावर इथं जे काही घडलं ते सलग सांगायला हवं. मधेच कुणी 'जेवलास का' विचारलं की त्यातली गंमत जाते. तेव्हा चष्मा लाव, निवांत बस आणि वाच.

आधी तुझ्या येण्याबद्दल. तुझ्या भावजयीनं तुला फोन केला हे मला ठाऊकच नव्हतं. मला दम लागत होता, खुर्चीत बसून झोपावं लागत होतं, आणि विचारेल त्याला मी 'धूळ आहे हो' एवढंच सांगत होतो. तू दारातून आत आलीस, माझ्याकडे एकदा बघितलंस आणि 'कसा आहेस' वगैरे काही न विचारता म्हणालीस, "गाडीची किल्ली कुठंय?" किल्ली होती, गाडी होती, फक्त चालवणारं कुणी नव्हतं. मी हा असा. तुझी भावजय ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याशी लग्न करून इतकी वर्षं संसार करतेय, पण माझ्या शेजारी बसून तिनं एकदाच स्टिअरिंग धरलं आणि पुन्हा म्हणून त्याच्या वाटेला गेली नाही. (त्या दिवशी मी काय बोललो ते मला आठवत नाही. तिला शब्दन् शब्द आठवतो.) आणि नेमका त्या वेळी आपला शिंपी दारात उभा, त्याच्या रोजच्या शिकवणीला आलेला. तू त्याला दंडाला धरून ड्रायव्हरच्या जागी बसवलंस.

अक्का, त्या शिंप्यानं तोवर तिसरा गिअर बघितलासुद्धा नव्हता. तू मागे बसून त्याला धीर देत होतीस म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल, पण तो प्रत्येक वळणावर माझ्याकडे बघून "मास्तर, इंडिकेटर देऊ का?" असं विचारत होता आणि उत्तर मिळेपर्यंत वळत नव्हता. मला उत्तर द्यायला छातीत हवा नव्हती. तशाही स्थितीत माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर आपोआप जात होता. (शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात, तुला माहीत आहेच, त्यांच्यामुळेच या शहरातले निम्मे खांब अजून उभे आहेत.) तेव्हा तू मागून ओरडलीस, "ब्रेकवरचा पाय काढ, नाहीतर मी येऊन काढीन!" मी पाय काढला. शिंप्यानं जीव मुठीत धरून तिसरा गिअर टाकला आणि आपण दवाखान्यात पोचलो. तो आता परीक्षा पास झाला आहे आणि 'मी ॲम्ब्युलन्सवर शिकलो' असं गिऱ्हाइकांना सांगतो.

तू जिवावरचा धोका टळेपर्यंत बाकड्यावर बसून राहिलीस, मग भाऊजींसाठी तुला जावं लागलं. खरी कथा त्यानंतरची.

फुफ्फुसाची सूज औषधानं उतरत होती. पण मोठे डॉक्टर म्हणाले, तुमची अडचण वेगळीच आहे. तुमच्या छातीत जुनी हवा अडकून बसते, त्यामुळे नवीन हवेला जागाच मिळत नाही. औषध आम्ही देऊ, पण हवा बाहेर काढायला शिकावं तुम्हालाच लागेल. म्हणून त्यांनी श्वासाचे व्यायाम घेणाऱ्या एका बाईंना माझ्याकडे पाठवलं. या बाई मूळच्या कुठल्या लांबच्या मुलखातल्या. आपली भाषा त्यांनी कामावर रुजू झाल्यावर, पेशंटांकडून ऐकून ऐकून उचललेली. उचलली ती चांगलीच, पण व्यायामापुरती. 'घ्या', 'धरा' आणि 'सोडा' या तीन शब्दांवर त्यांचा सगळा वॉर्ड चालायचा.

पहिल्याच दिवशी त्या माझ्या कॉटशी येऊन म्हणाल्या, "घ्या." घेतला. "धरा." धरला. "सोडा." त्यावर शेजारच्या कॉटवरचे आजोबा झोपेतून उठून म्हणाले, "मलाही आणा. थंड आणा." (हे आजोबा म्हणजे निवृत्त लिफ्टवाले. आयुष्यभर लोकांना वरखाली नेलेलं, त्यामुळे कुणी काही आणून देतंय म्हटलं की त्यांना फार बरं वाटायचं.) बाईंना ते कळलं नाही. त्या त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पण सोडा." आजोबा म्हणाले, "हो, हो, सोडाच." असं बराच वेळ चाललं, आणि हसायची चोरी म्हणून मी श्वास धरून ठेवला तो ठेवलाच.

माझं दुखणं तिथंच होतं. बाईंनी एका बाटलीत पाणी भरून तिच्यात रबरी नळी सोडली आणि नळीतून हळूहळू फुंकायला सांगितलं. बुडबुडे संथ आले पाहिजेत, बराच वेळ आले पाहिजेत. माझे बुडबुडे एकदम भसकन यायचे आणि संपायचे, की मी लगेच घाईघाईनं नवा श्वास ओढायचा. बाई कपाळाला हात लावायच्या. "तुम्ही घेता. छान घेता. देत नाही. कंजूस!" सगळा वॉर्ड ऐकत असताना आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला कंजूस म्हटलं, आणि तेही हवेवरून.

मग एक दिवस लिफ्टवाल्या आजोबांचा प्रसंग घडला. मोठे डॉक्टर फेरीवर आले, आजोबांना तपासलं आणि जाता जाता नर्सला म्हणाले, "यांना उद्या सोडू या." बाई तिथंच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्याचं कारण मला नंतर कळलं. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटबद्दल त्यांनी विचारलं होतं, तर कुणीतरी सांगितलं होतं, "त्यांनी पहाटे प्राण सोडला." तेव्हा सोडणं म्हणजे काय, हे बाईंच्या मनात पक्कं बसलेलं. वरून मोठे डॉक्टर स्वतःच उद्याची तारीख देतायत! बाई आजोबांच्या कॉटवर बसल्या, त्यांचा हात हातात घेतला, आणि थोपटत राहिल्या. डोळ्यांत पाणी.

आजोबा काही खुळे नव्हते. बाई गेल्यावर ते मला म्हणाले, "मास्तर, माझं आटोपलं वाटतं." मी धीर देऊ लागलो, पण खरं सांगतो अक्का, बाईंचा तो चेहरा बघून मलाही तेच वाटत होतं. आजोबांनी फोन मागवला आणि एकेकाला लावून माफ करायला सुरुवात केली. मोठ्या मुलाला केलं, धाकट्या सुनेला केलं, आणि शेवटी जावयाला केलं. (जावयानं काय केलं होतं ते त्यांनी मला आधी तीनदा सांगितलेलं होतं. त्याला माफ करणं म्हणजे मोठीच गोष्ट.) जावई फोनवर रडला. आजोबाही रडले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स चाकाची खुर्ची घेऊन हसत आली, "चला आजोबा, सुटलात तुम्ही! घरी जायचं!"

आजोबा खुर्चीत बसले खरे, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "मास्तर, घरी जातोय ते ठीक. पण जावयाला दिलेली माफी आता परत कशी घ्यायची?" तेवढ्यात जावई स्वतःच फुलं घेऊन दारात. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "राहू दे." गेले दोघं बरोबर. जावयानं खुर्ची ढकलली. लिफ्टपाशी आजोबांनी त्याला कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं.

बाईंना झाला प्रकार कळला तेव्हा त्या लाजेनं अर्ध्या झाल्या. दुपारी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मास्तर, मला हे नीट सांगा. सोडा म्हणजे नेमकं काय सोडा?" आता मला व्याकरणातलं काय कळतंय? पण मी सांगायला बसलो. श्वास सोडतात तो बाहेर टाकायचा म्हणून. प्राण सोडतात ते परत घ्यायचे नसतात म्हणून. पेशंटला घरी सोडतात. मुलाला शाळेत सोडतात, आणि त्याला परत आणायचं असतं. नळाला पाणी सोडतात, पण एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं तर ती गेली. हट्ट सोडावा, पण मित्राला सोडू नये. गाठ सोडतात, विषय सोडतात, धीर मात्र सोडत नाहीत. आणि 'सोडा हो' असं कुणी म्हणालं तर काहीच सोडायचं नसतं, फक्त मनाला लावून घ्यायचं नसतं. बाई थक्क होऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "एवढं सगळं एकाच शब्दात? मग तुम्ही दिवसभर कामावर काय सोडता?"

मी म्हटलं, क्लच.

त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्या म्हणाल्या, क्लचनंच माझं वाटोळं केलंय. मग कळलं, की बाई ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेल्या. चढावर गाडी थांबवून परत काढायची, तिथं त्या क्लच एकदम सोडायच्या आणि गाडी आचका देऊन बंद पडायची. मी मास्तरच्या आवाजात म्हटलं (तो आवाज मला कॉटवरसुद्धा आला), "अहो बाई, एकदम नाही. हळू... हळू... अर्ध्यावर या... तिथं थांबा, गाडी थरथरली का?... आता उरलेला, आणखी हळू..." बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी बाटलीची नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता हेच. स्वतःला सांगा."

अक्का, मी डोळे मिटले आणि शिंप्याला सांगावं तसं स्वतःला सांगितलं. हळू. अर्ध्यावर ये. थांब. आता उरलेला. बाटलीत एकामागून एक बुडबुडे येत राहिले, संथ, न थांबता. मला वाटलं संपले, तरी येतच होते. छातीच्या तळाशी कित्येक महिने जे दडपण बसलं होतं ते उठून चालायला लागलं. आणि मग जो श्वास आत आला तो अगदी खाली, पोटापर्यंत गेला. मी पाणी प्यायल्यासारखा तो श्वास घेतला. बाई टाळ्या वाजवत होत्या आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, अक्का इथं असायला हवी होती.

घरी सोडायच्या दिवशी मात्र मोठ्या डॉक्टरांनी बाँब टाकला. म्हणाले, सगळं ठीक, पण हे शिकवायचं काम सोडा. दिवसभर धूर, दिवसभर ओरडणं, आणि प्रत्येक वळणावर तुम्ही श्वास रोखून बसता म्हणे. (हे त्यांना बाईंनी सांगितलेलं, आणि बाईंना मीच.) घरी बसा, आराम करा. मी 'हो' म्हटलं. घरी आलो. तुझ्या भावजयीनं गाडीवर कापड टाकून ठेवलं होतं. खिडकीतून ते कापड दिसायचं, आणि मी खिडकीकडे पाठ करून बसायचो. तुला फोनवर मी 'मजेत आहे' म्हणत होतो ते दिवस हेच. काम म्हणजे काय, एक जुनी गाडी आणि शेजारच्या सीटवर घाबरलेला माणूस. पण त्या माणसाची भीती जाताना मी बघितलेली असायची, रोज. ते सोडून माणसानं खिडकीत बसून काय करायचं?

आणि मग बाईच दारात आल्या. म्हणाल्या, "मी तुम्हाला शिकवलं. आता तुम्ही मला शिकवा. डॉक्टरांना सांगायचं नाही." तुझी भावजय नको म्हणेल असं मला वाटलं. तिनंच जाऊन गाडीवरचं कापड काढलं.

शिकवणी दवाखान्याच्याच मागच्या आवारात, बाईंची ड्यूटी संपल्यावर (तोवर मोठे डॉक्टर घरी गेलेले असतात, असा आमचा हिशेब). तिथं एक चढ आहे, मोठमोठ्या गाड्या त्याच्या पायथ्याशी उभ्या असतात. बाईंनी चढावर गाडी थांबवली. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून धरला, सावधगिरी म्हणून. बाई क्लच हळूहळू वर आणत होत्या, अगदी सुरेख, आणि सवयीनं माझा श्वास अडकला. बाईंची नजर रस्त्यावर, पण कान माझ्या छातीवर. त्या ओरडल्या, "मास्तर, सोडा!"

मी ब्रेक सोडला.

गाडी मागे गेली. फार नाही, पण मागे मोठ्या डॉक्टरांची गाडी उभी होती. धप्प असा आवाज झाला. मी उतरलो, बाई उतरल्या, आणि डॉक्टरही आवाज ऐकून बाहेर आले. बाई म्हणाल्या चूक माझी. मी म्हटलं अजिबात नाही, ब्रेक माझा होता. त्या म्हणाल्या पण मी श्वास म्हणायला हवं होतं. मी म्हटलं अहो, मास्तर मी, गाडीत सोडा म्हटलं की काय सोडायचं हे ठरवायचं काम माझं, तुमचा क्लच तर इतका छान आला होता की तसा मी शिंप्याकडून महिनाभरात काढून घेऊ शकलो नाही, आणि पोचा म्हणाल तर डॉक्टरांच्या गाडीला तो आधीपासूनच होता, डावीकडे बघा, त्यांना पार्किंग येत नाही हे सगळ्या दवाखान्याला माहीत आहे...

डॉक्टर पोच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तुम्ही आत्ता हे सगळं एका दमात बोललात."

त्यांनी तिथंच, आवारात, खिशातून तपासायची नळी काढून माझ्या छातीला लावली. पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं. "सोडा," म्हणाले. मी सोडला, हळूहळू, पार तळापर्यंत. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "सकाळचे दोन तास. काचा वर करून. ओरडायचं नाही." आणि जाता जाता बाईंना म्हणाले, "यांच्याकडून मलाही जरा पार्किंग शिकायचंय, पण ते कुणाला सांगू नका."

तर अक्का, मी पुन्हा कामावर आहे. बाई परीक्षा पास झाल्या, चढावर सगळ्यांत छान गाडी त्यांनीच काढली. सकाळी मी गाडीत बसतो तेव्हा पहिल्यांदा तुझी आठवण येते. तू त्या दिवशी किल्ली मागितली नसतीस तर हे काहीच झालं नसतं. आभार मानायचे म्हणजे परक्यासारखं होतं, आणि तुला ते चालणार नाही. म्हणून नुसतंच सांगतो, की श्वास छान चालू आहे, आणि तो तुझा आहे.

भाऊजींना पुन्हा नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. तुझी भावजय म्हणते, तू रडलास ते खरं लिहिलंस, पण डॉक्टरांच्या गाडीला पोचा आधीपासून होता हे खोटं आहे. आता खरं काय ते देवाला आणि डॉक्टरांना ठाऊक.

ता. क. दुसरा. तिचं असंही म्हणणं आहे, की जे सांगायचंय ते वरच लिहायला हवं होतं. पण वर लिहिलं असतं तर तू तिथंच पत्र घडी करून उशीखाली सारलं असतंस, म्हणून खाली लिहितोय. गेल्या आठवड्यात गाडी बाजूला उभी करून मी तुझा फोन घेतला, तेव्हा बाई शेजारी होत्या आणि आवाज मोठा होता. तू भाऊजींच्या तक्रारी सांगत होतीस, मी हं हं करत होतो. फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं, "या कोण? किती दिवस असं चाललंय यांचं?" मी म्हटलं कसं? त्या म्हणाल्या, "चार शब्द बोलतात, थांबतात, हवा घेतात, मग पुढचे चार." मी इतकी वर्षं तुझं बोलणं ऐकतोय, मला ऐकूच आलं नव्हतं. काल मी मुद्दाम फोन केला आणि नुसतं ऐकत राहिलो. दम का लागलाय विचारलं तर तू म्हणालीस, आत्ताच जिना चढून आले ना. अक्का, तुझं घर तळमजल्यावर आहे.

मोठ्या डॉक्टरांकडे तुझी वेळ घेतली आहे. रविवारी सकाळी आम्ही तुला न्यायला येतोय. गाडी बाई चालवणार, तुझी भावजय मागे, आणि मी शेजारी, दोन्ही पाय जागेवर ठेवून. नको, कशाला, मला काय झालंय, हे सगळं गाडीत बसून म्हण. पिशवी तेवढी भरून ठेव. भाऊजींनी ती आधीच भरलेली असेल (त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे), पण तूच भरलीस असं आम्ही सगळे म्हणू.